शेजार आहे, सोयरीक नाहीं

श्रावण सरतां सरतां पुण्याहून सिंहगडाकडे किंवा ताम्हिणीच्या घाटाकडे जाणाऱ्या मनुष्याला, वनस्पतिशास्त्राचा गंध नसला तरी, एक गोष्ट सहज दिसते. एकाच उतारावर, हातभर अंतरानें, एकाच कुळांतल्या दोन-तीन जातींचीं फुलें उमललेलीं असतात. तीं एकमेकांच्या इतकीं जवळ असतात कीं, वाऱ्याची झुळूक आली तर एकीच्या पाकळ्या दुसरीला लागाव्या. त्यांचें नातेंहि जवळचें. चेहरेपट्टीवरून भावंडें म्हणून सहज शोभावीं असें. वर मधमाशा, भुंगे, फुलपाखरें यांची सारखी ये-जा चाललेली असते. तरीहि दरसाल पाऊस पडतो, दरसाल बीं रुजतें, आणि दरसाल तीं फुलें पुन्हां वेगळीं तीं वेगळींच उगवतात. हजारों वर्षांच्या ह्या शेजारानंतर दोहोंची मिळून एक मधलीच जात कां बनून जात नाहीं?

ह्या प्रश्नाचें महत्त्व शेतकऱ्याला विचारावें. बाजरीचें शुद्ध बियाणें तयार करणारा शेतकरी आपल्या शेताभोंवतीं ठराविक अंतरापर्यंत दुसऱ्या वाणाची बाजरी होऊं देत नाहीं. वाऱ्याबरोबर परका पराग आला कीं वाण बिघडला, हें त्याला अनुभवानें ठाऊक असतें. येवढी दक्षता ठेवूनहि वाण राखणें सोपें नसतें. रानावर तर राखणदार नाहीं, मोजलेलें अंतर नाहीं, बीं निवडणारा हात नाहीं. मग तेथें वाण राखतो कोण?

थिओडोर कुक यांचें नांव पुण्याच्या जुन्या विद्यार्थिवर्गांत परिचित आहे. ते येथील विज्ञान-महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध झाला. पानाची लांबी, देठावरची लव, पाकळीचा आकार, बियांची संख्या अशा खुणांवरून जाति कशा ओळखाव्या हें त्या ग्रंथांत सांगितलेलें आहे. परंतु वनस्पति कांहीं कुकसाहेबांचा ग्रंथ वाचून वागत नाहींत. ग्रंथांत आंखलेली रेघ माळावरहि कायम राहते, याला माळावरचेंच कांहीं कारण असलें पाहिजे.

तें कारण शोधूं लागलें म्हणजे प्रथम दिसतात तीं कुंपणें. पहिलें कुंपण जागेचें. सह्याद्रीच्या उतारांवर, झाडांच्या आश्रयानें, कारवीचीं रानें माजतात. तिचीच भाऊबंद टोपली कारवी ही मात्र सड्यावर, उघड्या वाऱ्याशीं झोंबत, उपडी टोपली ठेवावी तशी गोल वाढते. दोघींचें कूळ एक, परंतु बिऱ्हाडें वेगळीं.

दुसरें कुंपण वेळेचें. कांहीं फुलें पहांटे उमलून दुपारीं मिटतात, तर कांहीं संध्याकाळीं उमलून रात्रभर दरवळतात. कांहींचा बहर आषाढांत ओसरतो, तर कांहींचा भाद्रपदांत भरास येतो. कारवीनें तर ह्या बाबतींत कमालच केली आहे. ती सात-आठ वर्षें नुसतीं पानें धरून राहते, मग एका वर्षीं सारें रान एकदम फुलवते आणि बीं धरून मरून जाते. तिच्याच कुळांतील दक्षिणेकडील नीलकुरिंजी बारा वर्षांनीं फुलते. मुन्नारच्या डोंगरांत तिचे बहर २००६ व २०१८ सालीं आले. ज्यांचे बहर एका वर्षीं येत नाहींत, त्यांच्या परागांची गांठ पडणार कशी?

तिसरें कुंपण पाहुण्याचें. फूल स्वतः चालूं शकत नाहीं. त्याची सोयरीक जुळवतो तो कीटक किंवा पक्षी. हा मध्यस्थ ज्या घरीं जातो तेथेंच स्थळ जुळतें. पावसाळ्यांत आपल्या डोंगरांवर दिसणाऱ्या हबेनारिया नांवाच्या आमरींचीं पांढरीं फुलें पाहावीं. त्यांच्या मागें लोंबणारी मधाची नळी कांहींत आंखूड, तर कांहींत चांगली लांब असते. लांब नळीच्या तळाशीं असलेला मध लांब सोंडेच्या पतंगालाच पोंचतो. मादागास्कर बेटांतील अशाच एका आमरीची सुमारें फूटभर लांबीची नळी पाहून चार्लस् डार्विन यांनीं १८६२ सालीं लिहिलें कीं, तेवढ्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असला पाहिजे. तसा पतंग १९०३ सालीं शास्त्रज्ञांनीं वर्णन करून जगापुढें ठेवला.

पाहुणा बदलण्यास किती थोडें पुरतें, याचा एक सुंदर प्रयोग अमेरिकेंत झाला. कॅलिफोर्नियाच्या पर्वतांत मिम्युलस नांवाच्या रोपाच्या दोन जवळच्या जाति आहेत. एकीचीं फुलें गुलाबी; तिच्याकडे भुंगे जातात. दुसरीचीं लाल, तिच्याकडे गुंजनपक्षी जातो. ब्रॅडशॉ व शेम्स्की या शास्त्रज्ञांनीं पिढ्यान् पिढ्या संकर करून गुलाबी जातींत दुसरीच्या रंगाचा तेवढा एक अंश आणला, आणि फुलें पिवळसर नारिंगी केलीं. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजणींत, अशा फुलांकडे गुंजनपक्ष्यांच्या फेऱ्या सुमारें ६८ पट वाढल्या होत्या. आकार तोच, मध तोच. केवळ रंग पालटला आणि मध्यस्थ पालटला.

चौथें कुंपण कुलपाचें. त्याचें उत्तम उदाहरण आपल्याच घरचें आहे. कंदीलपुष्प किंवा खर्पुडी या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या सेरोपेजियाच्या कितीतरी जाति सह्याद्रींत आहेत. त्यांतील कांहीं जगांत दुसरीकडे कोठेंहि नाहींत. हरिश्चंद्रगडाच्या कड्यांवर एक, जुन्नरच्या डोंगरांत दुसरी, असा त्यांचा पसारा. जुन्नरच्या जातीला पुणें विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक महाबळे यांचें नांव दिलेलें आहे. ह्या कुळाचें फूल म्हणजे चिमणा कंदीलच. त्याच्या वासानें बारीक माशा येतात आणि नळींतून खालीं घसरतात. नळीच्या आंतील केस खालच्या दिशेला वळलेले असल्यामुळें आंत जातां येतें, बाहेर येतां येत नाहीं. तळाशीं पराग सुटा नसून पुंजक्याच्या रूपानें असतो व तो माशीच्या सोंडेला चिमट्यासारखा अडकतो. कांहीं काळानें केस सुकतात, फूल मान टाकतें आणि माशी सुटते. पुढच्या फुलांत तो पुंजका एका अरुंद फटींत बरोबर बसला, तरच बीं धरतें. प्रत्येक जातीची नळी, वास, केस आणि फट यांचा घाट निराळा. त्यामुळें एकीची किल्ली दुसरीच्या कुलपाला सहसा लागत नाहीं.

हीं सारीं कुंपणें ओलांडून परका पराग पोंचलाच, तर शेवटचें कुंपण आंत असतें. पराग रुजत नाहीं. रुजला तर बीं पोसत नाहीं. बीं पोसलें तर त्यापासून होणारें संकर रोप पुष्कळदां वांझ निघतें. घोडा आणि गाढव यांच्यापासून झालेलें खेचर कितीहि कणखर असलें तरी त्याचा वंश पुढें चालत नाहीं, तसाच हा प्रकार आहे.

येथपर्यंत वर्णन झालें. खरा प्रश्न याच्या पुढें आहे. कुंपण दिसलें म्हणून तें वेगळेपण राखण्यासाठींच उभारलें गेलें, असें म्हणणें घाईचें होईल. कारवीचा दीर्घ बहर हा बीं खाणाऱ्या प्राण्यांवर मात करण्याचा उपाय असूं शकेल. एकदम इतकें बीं पडावें कीं खाणाऱ्यांचीं पोटें भरूनहि उरावें. त्या योगानें सोयरीक टळली, तर तो आनुषंगिक लाभ झाला. दोन जाति पूर्वीं दूर दूर वाढल्या, त्या काळांत त्यांच्यांत फरक पडले, आणि पुढें त्या शेजारीं आल्या, असेंहि घडतें. मग शेजारीं आल्यावर, केवळ त्या शेजारामुळें, निसर्गाची निवड त्यांच्यांतील भिंत अधिक उंच करते काय?

ह्या मुद्यावर दोन थोर पुरुषांचा मतभेद होता. १८५९ सालीं ‘जातींचा उगम’ लिहिणारे डार्विन यांचें मत असें कीं, दोन जातींच्या संकरांत येणारें वांझपण हें निवडीचें फळ नव्हे. तें इतर फरकांबरोबर ओघानें येतें. नैसर्गिक निवडीचा सिद्धांत त्यांच्याबरोबरच स्वतंत्रपणें मांडणारे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना हें पुरेसें वाटेना. १८६८ सालीं दोघांत ह्या विषयावर पत्रव्यवहार झाला, आणि १८८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत वॉलेस यांनीं प्रतिपादिलें कीं, संकराची प्रजा दुबळी असेल तर निवड त्या दोन जातींतील अंतर वाढवीत नेईल.

वॉलेस यांच्या विचारांतील मर्म साध्या हिशेबानें समजतें. समजा, एका रोपाला शंभर बीजांडें आहेत आणि शेजारच्या जातीचा पराग येऊन त्यांतील तीस बिघडतात. म्हणजे त्यांतून वांझ संकर निघतात. उपयोगी बीं राहिलें सत्तर. त्याच ताटव्यांत एका रोपाचा रंग उपजतच थोडा निराळा आहे, आणि त्यामुळें शेजाऱ्याकडून येणारे कीटक त्याच्याकडे कमी वळतात. त्याचीं दहाच बीजांडें बिघडतात. उपयोगी बीं राहतें नव्वद. बाकी सारें सारखें असेल आणि रंग वंशांत उतरत असेल, तर दुसऱ्या रोपाचा वंश पहिल्याच्या मानानें दरसाल सव्वापटीहून अधिक वाढेल. ह्या चक्रवाढीनें दहा वर्षांत पहिल्याच्या एका रोपामागें दुसऱ्याचीं सुमारें बारा रोपें होतील. येथें कोणी राखणदार नाहीं, कोणाचा हेतु नाहीं. वायां गेलेलें बीं हेंच येथील शासन, आणि टिकलेलें बीं हेंच बक्षीस.

हिशेब सुबक आहे. परंतु निसर्ग तसा वागतो, याला पुरावा पाहिजे. तो पुरावा ज्या फुलानें दिला तें पुण्याच्या घरोघरीं परिचित आहे. थंडीच्या दिवसांत बंगल्यांच्या कुंड्यांत आणि सार्वजनिक बागांच्या वाफ्यांत पांढऱ्या, गुलाबी, लाल, जांभळ्या रंगांचे जे फ्लॉक्सचे ताटवे दिसतात, त्या रोपाचें मूळ घर अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत आहे. थॉमस ड्रमंड या स्कॉटिश संग्राहकानें तेथून त्याचें बीं इंग्लंडला पाठविलें आणि १८३५ सालीं क्यूबा बेटांत त्याचा अंत झाला. त्याच सालीं विल्यम हूकर यांनीं त्या रोपाला त्याचें नांव दिलें.

टेक्सासच्या बहुतेक भागांत ह्या ड्रमंडच्या फ्लॉक्सचें रानटी फूल फिकट निळसर असतें. परंतु पूर्वेकडे जेथें त्याची दुसरी एक भाऊबंद जाति वाढते, तेथें तेंच फूल गडद तांबडें होतें. त्या दुसऱ्या जातीचें फूल फिकट निळसरच असतें. म्हणजे एकटें असेल तेथें फूल निळें, आणि निळ्या शेजाऱ्याजवळ आलें कीं तांबडें. हा योगायोग कीं निवड? टेक्सास विद्यापीठांतील डोनल्ड लेव्हिन यांनीं ह्या प्रश्नावर दीर्घकाळ काम केलें. पुढें रॉबिन हॉपकिन्स या विदुषी व मार्क रॉशर यांनीं २०११ व २०१२ सालीं त्याचा उलगडा केला. निळ्याचा तांबडा होण्यास आणि फिक्याचा गडद होण्यास मुख्यतः दोनच आनुवंशिक घटक कारण आहेत, असें त्यांना आढळलें. मग त्यांनीं निरनिराळ्या रंगांचीं रोपें शेजारच्या जातीबरोबर उघड्यावर लावलीं, त्यांचें बीं गोळा केलें, आणि त्यांत संकर किती निघाले हें मोजलें. गडद फुलांच्या रोपांच्या बियांत संकरांचें प्रमाण पुष्कळच कमी भरलें.

कारण फुलपाखरांच्या वागणुकींत सांपडलें. ह्या फुलांवर येणारीं मोठीं काळसर-निळीं फुलपाखरें एकदां फिक्या फुलावर बसलीं कीं पुढेंहि फिकींच फुलें धरतात. त्यामुळें फिकट निळ्या ड्रमंड फ्लॉक्सकडून फिकट निळ्या शेजाऱ्याकडे, आणि तेथून परत, अशी त्यांची ये-जा चालते. गडद फूल ह्या फेरींतून वगळलें जातें. संकर रोपें बहुतांशीं वांझ असल्यामुळें हें वगळलें जाणें म्हणजे मोठाच लाभ. रंग एकाच जातीनें कां पालटला, याचेंहि एक संभवनीय कारण दिसतें. शेजारची जाति स्वतःच्याच परागानें बीं धरूं शकते. ड्रमंडच्या फ्लॉक्सला मात्र दुसऱ्या रोपाचाच पराग लागतो. ज्याला पाहुण्यांवर अवलंबून राहावें लागतें, त्यालाच पाहुण्यांची चूक अधिक भोंवते. वॉलेस यांचा तर्क अशा रीतीनें सव्वाशे वर्षांनंतर एका रानफुलाच्या बाबतींत खरा ठरला.

येथें शब्दाच्या घोटाळ्यापासून सावध राहिलें पाहिजे. ‘जाति’ हा शब्द आपल्या समाजांत दुसऱ्याच अर्थानें फार वापरला गेला आहे, आणि कोणी उतावळा मनुष्य फुलांचा हा दाखला माणसांच्या सोयरिकींना लावूं पाहील. तसें करणें शास्त्रालाहि धरून नाहीं. वर सांगितलेली सारी विचारसरणी संकराची प्रजा दुबळी किंवा वांझ असते ह्या एका खांबावर उभी आहे. पृथ्वीवरील सर्व मानव एकाच जातीचे आहेत. कोणत्याहि दोन समाजांतील आईबापांचीं मुलें अवयवांनीं व वंशवृद्धीनें इतरांसारखींच धडधाकट असतात. खांबच नसेल तेथें छप्पर कशाचें?

फुलांच्या बाबतींतहि हा खांब सर्वत्र सारखा बळकट नसतो. संकर जर जोमदार असला आणि त्याला राहण्याजोगी मधली जागा मिळाली, तर निवडच त्याला उचलून धरते आणि भिंत ढासळते. अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या मुखाशीं आयरिस फुलांच्या दोन जाति आहेत. तांबूस जाति काठाच्या चढावर वाढते, निळी जाति दलदलींत. जेथें रान जसेंच्या तसें होतें, तेथें दोघी आपापल्या जागीं होत्या. परंतु जेथें झाडें तोडून, चर खणून, गुरें चारून शेतकऱ्यांनीं जमीन उलटसुलट केली, तेथें नाना रंगांचे संकर माजले. एड्गर अँडर्सन यांनीं १९४८ सालीं यावरून असा निष्कर्ष काढला कीं, फुलांची भेसळ होण्यापूर्वीं बहुधा त्यांच्या जागांची भेसळ झालेली असते.

हा निष्कर्ष आपल्या दाराशीं येऊन ठेपतो. साताऱ्याजवळील कासचें पठार २०१२ सालीं पश्चिम घाटांतील इतर स्थळांबरोबर जागतिक वारशांत गणलें गेलें. त्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ आहे कीं, वीतभर खोलगट जागा आणि तिच्या शेजारचा उंचवटा यांवर निरनिराळीं फुलें नांदतात. गाडीच्या चाकांनीं, पायांच्या तुडवणुकीनें किंवा बाहेरून आणून टाकलेल्या मुरुमानें तो उंचसखलपणा मोडला, तर जागेचें कुंपण मोडतें. रात्रीच्या झगझगीत दिव्यांकडे पतंग ओढले गेले, तर पाहुण्याचें कुंपण मोडतें. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पासारखीं परदेशी झाडें दाट लावलीं गेलीं. त्यांची सावली जेथें पडते तेथें उन्हांतल्या गवताबरोबर वाढणाऱ्या रानफुलांना ठाव राहत नाहीं. खर्पुडीचे कंद खणून नेल्यामुळें जेथें पांच-दहाच रोपें उरतात, तेथें संकट दुहेरी. थोड्या रोपांना स्वजातीचा पराग मिळणें कठीण. आणि निवडीला ज्यांतून निवडावयाचें ते निरनिराळे वाणच जेथें शिल्लक नाहींत, तेथें निवड करणार काय?

निवड ही संथ शक्ति आहे. तिला पिढ्या लागतात, संख्या लागते, आणि नेहमींचे पाहुणे लागतात. हीं तीन भांडवलें तिच्या हातीं असतील तर ती राखणदारावांचून वाण राखते. तीं काढून घेतलीं तर ग्रंथांतील नांवें तेवढीं उरतील. म्हणून हौसेनें एका घाटांतील रोप उपटून दुसऱ्या घाटांत लावणें, किंवा माळ उजाड दिसतो म्हणून तो झाडांनीं झाकून टाकणें, हें सद्बुद्धीनें केलें तरी उपकाराचें ठरेलच असें नाहीं.

गौरीच्या सणाला पुण्यांत पुष्कळ घरीं तेरड्याची गौर येते, आणि तेरड्याचा रंग तीन दिवस ही म्हण सर्वांच्या तोंडीं आहे. त्या फुलाच्या मागें बारीक शेपटी असते व तींत मध असतो. मध घेण्यास कीटक आंत शिरला कीं वरच्या बाजूचा पराग त्याच्या पाठीला लागतो. घरांतील मुलांना सुटीच्या दिवशीं टेकडीवर न्यावें, तेरड्यासमोर पंधरा मिनिटें घड्याळ लावून बसवावें, आणि कोणता कीटक आला, तेरड्यावरून उठून तो पुढें कोणत्या फुलावर गेला, येवढेंच वहींत लिहावयास सांगावें. शंभर फेऱ्यांपैकीं बहुतेक फेऱ्या तेरड्यावरून तेरड्यावरच झालेल्या दिसल्या, तर ‘वाण राखतो कोण’ ह्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग त्या मुलांनीं स्वतः मोजलेला असेल. मात्र फूल देठावरच राहूं द्यावें.